उन्हाच्या मुलखात घर आतून मांडताना

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात टेकवून बघावा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, तरी भिंत चांगली गरम लागते. ९ इंची विटांच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत उतरायला पाच-सात तास लागतात. म्हणजे दुपारी तीन-चारचं ऊन आपल्या झोपायच्या वेळेला खोलीत पोचतं. आणि जालन्यापासून नांदेडपर्यंत कितीतरी घरांत पलंग नेमका याच भिंतीला टेकवलेला असतो, कपाट मात्र समोरच्या थंड भिंतीला. दोन्हींची अदलाबदल करायला एक पैसा लागत नाही. कपाट पश्चिमेला गेलं की तेच उन्हाला आड येतं, आणि रात्री पाठीशी थंड भिंत मिळते. कपाटामागे इंचभर फट तेवढी ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून पाठीच्या प्लायला बुरशी येते.

घराच्या आतल्या सजावटीचा विचार इथून सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. या विषयाची पुस्तकं सात घटक सांगतात: जागा, रेषा, आकार, उजेड, रंग, पोत आणि नक्षी. सातही खरे आहेत. पण ते एका रांगेत सारख्या वजनाचे नाहीत, निदान मराठवाड्यात तरी नाहीत. इथे उजेड पहिला, कारण तो एकटा येत नाही, ऊन आणि झळा घेऊन येतो. उजेडाचा बंदोबस्त नीट झाला की रंग कुठला, फरशी कोणती, बसायचं कुठं हे निम्मेअधिक निर्णय आपोआप सुटतात. तो न करता आधी सोफा आणि टीव्हीचं युनिट घेतलं, की पुढची दहा वर्षं पडदे ओढून दिवसा ट्यूब लावून बसावं लागतं.

उजेडाचं गणित अवघड नाही. छत्रपती संभाजीनगर साधारण २० अक्षांशावर आहे, लातूर-धाराशिव १८ च्या थोडं वर. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे बराच खाली उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा असेल तर २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी त्याची सावली साडेपाच फूट खाली येते, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली दोन फुटांवर थांबते आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून कोवळं ऊन आत येतं. उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन, तेही कुठलीही हालचाल न करता. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच घाबरतात. खरी त्रासाची खिडकी पश्चिमेची. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटांच्या सज्ज्याची सावली जेमतेम फूटभर पडते. सज्जा कितीही वाढवला तरी तिरपं ऊन आत शिरणारच.

तिथे आतून जाड पडदा लावणं हा अर्धाच उपाय आहे. पडद्यानं उजेड अडतो, पण उष्णता तोवर काच ओलांडून आत आलेली असते. पडदा तापतो आणि ती खोलीतच सोडतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक, खसाची ताटी, गच्चीवरून सोडलेली हिरवी शेडनेट किंवा जाळीवर चढवलेला वेल, यातलं काहीही चालतं. चिक भिंतीपासून चार-सहा इंच पुढे टांगावी, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. खाली दोन्ही टोकांना दोरीनं बांधून घ्यावी, कारण वळवाच्या वावटळीत मोकळी चिक पहिल्याच फेरीत काच फोडते.

जुन्या वाड्यांत हेच काम घराची रचना करत असे. दरवाजातून आत आलं की ढाळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, मग उघडा चौक, चौकाभोवतीचा सोपा आणि त्यामागे माजघर. उजेड पायरीपायरीनं कमी होत जायचा आणि उन्हातून आलेल्या डोळ्यांना सावकाश निवायला वेळ मिळायचा. धाब्याच्या छतात एखादं साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, असे, त्यातून पडलेला कवडसा अख्ख्या खोलीला पुरायचा. आजच्या फ्लॅटमध्ये चौक आणता येत नाही, पण पायरी आणता येते. दारासमोर लगेच चकचकीत पांढरी फरशी आणि त्यापलीकडे बाल्कनीची मोठी काच असेल, तर बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे दिपतात आणि बाकीची खोली काळोखी भासते. दारापाशी थोडा गडद कोपरा, मंद रंगाची भिंत आणि बसायला एखादा बाक एवढं केलं तरी फरक पडतो. खिडकीच्या चौकटीभोवतीची आतली बाजू, भिंतीच्या जाडीत दिसते ती, कायम पांढरी किंवा अगदी फिकी रंगवावी. ती उजेड झेलून पुढे पसरवते आणि झगझगीत काच व अंधारी भिंत यांतली तफावत कमी होते. डोळ्यांना त्रास त्या तफावतीचा होतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सजावटीचे पहिले पैसे गच्चीवर खर्च करावेत. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली ओकत राहतो. गच्चीवर पांढऱ्या तुटक्या टाइल्सची चिनी मोझॅक किंवा चांगला पांढरा परावर्तक रंग, तोही नसेल तर दर उन्हाळ्याच्या तोंडाशी चुन्याचे दोन हात. यानं खोलीत जो फरक पडतो तो फॉल्स सीलिंगनं पडत नाही. फॉल्स सीलिंगच्या पोकळीनं थोडी मदत होते हे खरं, पण १० फुटी खोलीत ते ९ इंच खाली आलं की पंखाही खाली येतो. पात्यांपासून जमीन किमान ७ फूट आणि पाती-छत अंतर फूटभर तरी राहिलं पाहिजे. पंखा छताला चिकटला तर त्याला वरून हवाच मिळत नाही. कडेच्या खोबणीत लपवलेल्या पट्टी-दिव्यांचा हौसेनं आग्रह धरला जातो. आपल्याकडच्या फुफाट्यात सहा महिन्यांत त्या खोबणीत धुळीचा थर बसतो आणि तिथपर्यंत हात पोचत नाही, हे आधी समजून मग ठरवावं.

विजेच्या उजेडाबद्दल थोडक्यात. २० वॅटची एलईडी बॅटन साधारण २००० ल्युमेन (उजेडाचं माप) देते आणि १० बाय १२ च्या खोलीत उठण्या-बसण्याला ती पुरते. वाचायला, भाजी निवडायला, शिवायला ती पुरत नाही. तिथे कामाच्या जवळ वेगळा दिवा हवा आणि तो लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूनं यावा. खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे घरभर ६५०० लावायची सवय आहे, त्यानं माणसांचे चेहरे फिके दिसतात आणि लाकूड राखाडी. झोपायच्या खोलीत ३०००, स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० ही वाटणी चांगली. एकाच खोलीत दोन रंगांचे दिवे एका वेळी पेटणार नाहीत एवढं बघावं. सीआरआय म्हणून दुसरा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा; तो ८० च्या खाली नसावा. स्वयंपाकघरात ९० मिळाला तर उत्तम, फोडणीतला कांदा नेमका कधी बदामी झाला ते त्याच उजेडात कळतं.

उजेडानंतर कूलर. मराठवाड्यात आतल्या सजावटीच्या आराखड्यात कूलरची जागा नसेल तर तो आराखडा अपुरा आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढून ओली करून आत ढकलतो, म्हणून त्याच्या समोरच्या बाजूला हवेला निघायला वाट हवी, निदान कूलरच्या तोंडाएवढी. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात हवा दमट होते आणि अंगाला चिकचिक सुटते. कूलरची खिडकी सुतार येण्याआधी ठरवावी, तिथे प्लगचा पॉइंट आणि जमलं तर पाण्याची बारीक पाइप आणून ठेवावी. त्याच्या झोताच्या वाटेत प्लायचं कपाट येऊ देऊ नये. साधा एमआर दर्जाचा, म्हणजे फक्त थोडी ओल सोसणारा प्लाय दोन उन्हाळे रोज ओली हवा खाऊन फुगतो, दार चौकटीला घासायला लागतं आणि कडेची पट्टी सुटते. कूलरच्या खोलीत बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा), सिंकखाली आणि मोरीलगत त्याहून पक्का बीडब्ल्यूपी घ्यावा. सांगाड्याला १८ मिमी, पाठीला ६ मिमी. १८ मिमीची फळी आधाराशिवाय तीन फुटांपेक्षा लांब टाकली तर पुस्तकांच्या वजनानं वर्षभरात मधून झुकते. सनमायका एकाच बाजूला लावलेलं दार धनुकलीसारखं वाकतं. आतल्या बाजूलाही पातळ का होईना, थर हवाच. कपाटाचा तळ जमिनीपासून चार इंच उचललेला असावा, म्हणजे वाळवीच्या वाटेची माती दिसायला आणि पुसायला जागा राहते.

आता रंग. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या गिलाव्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले होते आणि वर चुन्याचा पातळ हात. रंग बहुतेक सगळे जमिनीतले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा; काळा काजळीचा. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, लांबून आणलेला आणि म्हणून जपून वापरलेला. घर रंगवताना हा हिशेब डोळ्यासमोर ठेवावा असं मला वाटतं. गेरवा, पिवळसर, मातकट हिरवा हे रंग आपल्या प्रखर उजेडात फिकटत नाहीत आणि अंगावरही येत नाहीत. शिवाय तांबडी-काळी धूळ त्यांच्यावर पटकन दिसत नाही. शुभ्र पांढरा मात्र उन्हाच्या भिंतीवर डोळ्यांत खुपतो. त्यात थेंबभर पिवळा किंवा राखाडी घातलेला मोतिया रंग जवळपास तेवढाच उजेड परततो, पण सौम्यपणे. पांढरा रंग पडलेल्या उजेडाचे जवळपास ८० टक्के परत फेकतो, साय किंवा मोतिया ७०, मध्यम रंग ४०-५०, गडद रंग १० च्या आसपास. म्हणून एकच खिडकी असलेल्या आतल्या खोलीत गडद भिंत खिडकीसमोर नको, खिडकी ज्या भिंतीत आहे तीही नको. राहिलेल्या दोहोंपैकी एक चालते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी आधीच तांबूस उजेड भरतो, तिथे फिका हिरवा-राखाडी शांत वाटतो. उत्तरेच्या खोलीत उजेड थंड असतो, तिथे पिवळसर छटा उबदार दिसते.

किती रंग कुठे यासाठी ६०-३०-१० चं प्रमाण सांगतात: भिंती आणि छताचा मुख्य रंग ६०, पडदे-चादरी-मोठं फर्निचर ३०, आणि उठून दिसणारा रंग १०. हे प्रमाण उपयोगाचं आहे, फक्त फरशी मोजायला विसरू नये. लाल-तपकिरी फरशी असेल तर तिनंच ३० मधला मोठा वाटा घेतलेला असतो आणि वर मरून पडदे आले की खोली दाटते. कार्डावरचा चौकोन पाहून रंग ठरवू नये. दोन फूट बाय दोन फूट जागेवर, दोन वेगळ्या भिंतींवर, दोन हात देऊन सकाळी, दुपारी तीनला आणि दिवे लागल्यावर बघावा. भिंतीवरचा रंग कार्डापेक्षा जवळजवळ नेहमीच गडद भासतो, कारण चारी भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात. मनातल्यापेक्षा एक छटा फिकी घ्यावी.

१० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंच खोली असेल तर भिंती ४४० चौरस फूट भरतात. दार-खिडक्या वजा केल्या की ३९० च्या आसपास. इमल्शनचे दोन हात लिटरला साधारण ६५ चौरस फूट जातात, म्हणजे सहा लिटर. एकाच डब्याच्या बॅचचा रंग एकदम घ्यावा, नंतर आणलेल्या लिटरभराची छटा थोडी तरी वेगळी निघते. नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर किमान चार आठवडे वाळू द्यावं. ओल आहे का हे बघायला भिंतीवर दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून एक दिवस ठेवावा. आतून घाम दिसला तर थांबावं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत हलकी भिजवून घ्यावी, नाहीतर तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि ती पुढे पापुद्र्यानं सुटते. दोन पातळ थर, मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, घासकागद, प्रायमर, आणि मग रंग. एप्रिल-मेमध्ये रंगाऱ्याला सकाळी लवकर बोलवावं. भर दुपारी रंग इतका झपाट्यानं वाळतो की रोलरचे जोड दिसत राहतात.

बोअरचं पाणी ज्या गावात खारं आहे तिथे भिंतीला लोणा लागतो: जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी पूड फुलते, रंग फुगून पडतो. पूड पाण्यानं धुतली तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. ती कोरड्या कुंच्यानं झाडून घ्यावी. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा करणं ही सगळ्यात महागडी चूक. आतली ओल कोंडते आणि त्या गिलाव्याच्या वर, चार-पाच फुटांवर, नव्यानं फुटते. ओल येते कुठून ते आधी शोधावं, म्हणजे गळकी मोरी, अंगणातलं साचलेलं पाणी, जोत्यावरची ओलरोधक पट्टी नसणं. रंग सगळ्यात शेवटी.

दुसरा शत्रू काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर हलका पाया घालून बांधलेल्या घराच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. चीर बुजवून रंगवायची घाई करू नये. चिरेवर आडवी दोन इंच रुंद पीओपीची पट्टी लावावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि एक उन्हाळा-पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली तर चीर अजून हलते आहे आणि काम इंजिनिअरचं आहे, रंगाऱ्याचं नाही. पट्टी शाबूत राहिली तर चीर कोरून पाव इंचाची खाच करावी, लवचीक अ‍ॅक्रिलिक भरण घालावं, वर जाळीची पट्टी चिकटवून पुट्टी घ्यावी.

जागेचं मोजमाप बहुतेक लोक फर्निचर आल्यावर करतात. ते आधी, खडूनं जमिनीवर, खऱ्या मापात करावं आणि दोन दिवस त्या रेघांमधून वावरून बघावं. १० बाय १२ ची बेडरूम घ्या. ६ बाय साडेसहाचा पलंग लांबीत टाकला की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. पायथ्याशी साडेपाच फूट, त्यातले दोन फूट कपाटाचे, म्हणजे वावरायला साडेतीन. कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर उभं राहायला तीन फूट लागतात. बसतं. आता त्यात ड्रेसिंग टेबल घालायचा मोह झाला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं. हॉलमध्ये येण्याजाण्याची मुख्य वाट तीन फूट, सोफा आणि टीपॉय यांत दीड फूट, जेवणाच्या टेबलाची कड आणि भिंत यांत तीन फूट, म्हणजे खुर्ची मागे सरकवून उठता येतं.

स्वयंपाकघरावर जरा थांबायला हवं, कारण बाहेरून आलेली मापं इथे सगळ्यात जास्त चुकतात. ओट्याची उंची सरसकट ३४ इंच धरतात. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर असतो. चिरण्या-निवडण्यासाठी ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा, म्हणजे ३३. पण भाकरी थापणं हे वेगळं काम आहे. ज्वारीचं पीठ आधी तळहाताच्या टाचेनं रगडून मळावं लागतं, मग थापताना हात वरून खाली पडतो आणि बोटांनी भाकरी फिरवत राहावी लागते. या कामात जोर खांद्यातून येतो आणि त्यासाठी पृष्ठभाग कोपराच्या आठ-नऊ इंच खाली असावा लागतो. त्यात काठवटीचा लाकडी तळ इंच-दीड इंच जाड. ३४ इंची ओट्यावर काठवट ठेवून भाकऱ्या थापायच्या म्हणजे खांदे वर उचलून काम. दहा-बारा भाकऱ्यांनंतर मान आणि खांद्यांचा सांधा दुखणारच. म्हणून पुष्कळजणी खाली बसून थापतात आणि दर भाकरीला उठून तव्यावर टाकतात. शेगडी खाली घेणं हा उपाय नाही, गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असायला हवी हा सुरक्षेचा नियम आहे.

उपाय सोपा आहे. शेगडीला लागूनच अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल एवढा ओट्याचा भाग २७-२८ इंचांवर घ्यावा. उजव्या हातानं तव्यावर टाकणारीसाठी तो शेगडीच्या डावीकडे. थापलेली भाकरी हातावर घेऊन तव्यावर जाईपर्यंत पाऊल उचलावं लागू नये, हाताच्या एका फेरीत काम व्हावं. या भागाखाली ड्रॉवर नकोत. थापण्याच्या हादऱ्यानं ते खडखडतात आणि त्यांची चॅनेल्स ढिली होतात. खाली दोन उभ्या कडप्प्याच्या आधारावर ग्रॅनाइट टेकवावं आणि तिथे पिठाचा डबा ठेवायला मोकळी जागा सोडावी. वरच्या भिंतीवर विजेचा उघडा प्लग नको, पीठ उडतं. पाणी भाकरीला सतत लागतं, तरी सिंक शेगडीपासून दोन फूट तरी दूर असावं. पाण्याचं भांडं खालच्या ओट्यावरच बसतं. शेगडीवर खिडकीचा किंवा कूलरचा थेट झोत नको. ९ किंवा १२ इंची एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या भिंतीत वर आणि दार त्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे हवा खोलीतून आरपार जाते.

उंचीचा हाच मुद्दा बैठकीच्या खोलीत दुसऱ्या रूपात येतो. रेषा, म्हणजे खिडक्यांच्या कडा, चित्रांची ओळ, फळ्यांची उंची, या सगळ्या उभ्या माणसाच्या नजरेनं ठरवल्या जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर हे माप उभं राहून बघणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे सतरंजी टाकून, लोड घेऊन खाली बसणं अजून सुटलेलं नाही, आणि सुटू नये. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतात. खिडकीचा कट्टा तीन फुटांवर असेल तर त्याला आभाळाशिवाय काही दिसत नाही आणि वारा डोक्यावरून जातो. घर बांधतानाच बसायच्या खोलीत एक तरी खिडकी जमिनीपासून दीड फुटावर घ्यावी, मजबूत गजांसह. खालची थंड हवा तिच्यातूनच येते. तयार घर असेल तर निदान चित्रं, घड्याळ, दिवा हे बैठकीच्या भिंतीवर फूटभर खाली आणावं. आडव्या रेषेत मांडलेल्या बुटक्या वस्तूंनी छत उंच वाटतं आणि खोली निवांत होते.

पडदा छोटा पडणं ही नेहमीची तक्रार. चार फूट रुंद खिडकीला दांडी पाच फूट चार इंचांची घ्यावी, दोन्हीकडे आठ-आठ इंच बाहेर, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न येता भिंतीवर गोळा होतो. चुण्यांसाठी कापड दांडीच्या दुप्पट. ४८ इंची पन्ह्याचे तीन तुकडे लागतात; दांडी साडेसात फुटांवर असेल तर दुमडींसह प्रत्येक तुकडा साडेआठ फूट, एकूण आठ मीटर धरावं. सुती कापड आधी धुवून आटवून घ्यावं. नक्षीबद्दल एवढंच: खोलीत मोठी नक्षी एकाच ठिकाणी असावी. पडद्यावर फुलं, चादरीवर फुलं आणि फरशीवरही ठिपके झाले की डोळा कुठेच टेकत नाही.

पोत म्हणजे स्पर्शाला आणि कानाला काय जाणवतं ते. शहाबादी फरशी उन्हाळ्यात अनवाणी पायांना जे सुख देते ते गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल देत नाही, शिवाय तिच्यावरून उजेड डोळ्यांत परतत नाही. शहाबादी हा चुनखडीचा दगड. त्यामुळे लिंबू, चिंच, टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड यांनी त्याची झिलई जाते आणि पांढरे डाग कायमचे राहतात. साध्या साबणाचं पाणी पुरे. टाइल्सच बसवायच्या तर सांधा दोन-तीन मिलिमीटर ठेवावा आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली थोडी फट. सांधा न ठेवता घट्ट बसवलेल्या टाइल्स उन्हाळ्यात प्रसरण पावून मधूनच तंबूसारख्या उचलल्या जातात. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइल लाकडी दांड्यानं ठोकून बघावी; पोकळ वाजली तर खाली माल नीट भरलेला नाही आणि जड वस्तू पडली की तिथेच फुटणार. टाइल, काच आणि पीओपी अशा टणक पृष्ठभागांनी भरलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. एक सतरंजी, लोड-तक्के आणि कापडी पडदे आले की संभाषण पुन्हा ऐकू येतं. जुन्या साड्यांच्या वाकळी याला उत्तम, धुता येतात. घोंगडी धूळ धरते, ती आठवड्याला उन्हात झटकावी. हिमरूचं कापड किंवा जुन्या पैठणीचे काठ भिंतीवर लावायचे असतील तर जिथे थेट ऊन कधीच पडत नाही अशी भिंत निवडावी, आणि काच कापडाला चिकटणार नाही एवढी जाड चौकट.

राहिलं वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली हजारो माणसं झोपेतच गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर येऊन. आज बहुतेकांची घरं स्लॅबची आहेत, पण घराच्या आत आपण पुन्हा वजन वर चढवत असतो. पलंगाच्या डोक्यावर माळा, माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी, उशाशी जड चौकटीचा आरसा. यातलं काहीही झोपायच्या जागेवर नको. पाच फुटांपेक्षा उंच प्रत्येक कपाट वरच्या दोन टोकांना लोखंडी एल-पट्टीनं भिंतीला बांधावं. पट्टीचा बोल्ट नुसत्या गिलाव्यात नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान अडीच इंच गेला पाहिजे. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठीचे लांब अँकर वेगळे मिळतात. कपाटात जड पुस्तकं आणि भांडी खालच्या फळ्यांवर ठेवावीत. उघड्या फळीच्या कडेला इंचभर उंचीची पट्टी ठोकावी. पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत तीन फुटांची वाट मोकळी हवी आणि दारामागे चपलांचं कपाट नको, दार पूर्ण उघडलं पाहिजे. ड्रिल घेऊन आलेल्या सुताराला ही कपाटं बांधायला फार वेळ लागत नाही; पडद्याच्या दांड्या लावायला तो येतो त्याच दिवशी हेही करून घ्यावं.